कानानं तळलेला वडा

(शाळेच्या १९८५ सालच्या दहावीच्या मेळाव्यात केलेलं भाषण. जिथे ध्वनिमुद्रण ऐकवलं, तिथे कंसात तशी नोंद आहे.)



सुरुवात बोलून करत नाही. आधी वीस सेकंद काहीतरी ऐकवतो. डोळे मिटा असं म्हणणार नाही, कारण जेवणाआधीची वेळ आहे आणि मागच्या बाकावरचे लोक खरंच झोपतील. नुसतं ऐका.

(इथे वीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं.)

काय होतं हे? पाऊस... पत्र्यावरचा पाऊस... टाळ्या. टाळ्या म्हणणारा नक्की गॅदरिंगच्या नाटकात असणार, त्याला चाळीस वर्षं टाळ्याच ऐकू येताहेत. नाही. हे वडे आहेत. एका घाण्यात पंधरा वडे. आणि ते तुम्ही सगळ्यांनी खाल्लेले आहेत, कारण ही कढई आपल्या शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाडीवरची आहे. मामांची.

संयोजकांनी मला सांगितलं, तू रेडिओवर खाण्याचा कार्यक्रम करतोस, त्यावर पंधरा मिनिटं बोल. कार्यक्रम मोठा नाही, हे आधीच सांगून टाकतो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर उपनगरातल्या एका कम्युनिटी रेडिओवर मी आठवड्याला अर्धा तास सांभाळतो. अशा केंद्रांना आपल्या देशात साधारण शंभर वॉटपर्यंतचाच प्रक्षेपक चालवता येतो. म्हणजे बल्बाच्या भाषेत सांगायचं तर आपल्या लहानपणी जिन्यात लावायचे तसा एक पिवळा बल्ब. तेवढ्या ताकदीवर आवाज आठ-दहा किलोमीटर जातो. त्यात बिल्डिंगा आडव्या येतात. विषय मात्र पोट भरण्याइतका मोठा आहे: रोजचं खाणं. हॉटेलातलं नाही, सणाचं नाही. पोळी, भाजी, चहा, पाव, डबा.

तुम्ही म्हणाल, खाणं ही दाखवायची गोष्ट आहे, रेडिओवर काय करणार? पण आपण बोरिवलीची मुलं आहोत. रेडिओ आपल्याला परका नाही. मुंबईत २३ जुलै १९२७ला पहिलं अधिकृत नभोवाणी केंद्र सुरू झालं. आज विविध भारतीचं केंद्र आपल्याच गोराई रोडवर आहे. आणि आपल्या सगळ्यांच्या घरी रेडिओ कुठे असायचा आठवतं का? दिवाणखान्यात मोठा असला तरी एक छोटा ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी असायचा. त्याच्या जाळीवर पिठाचा थर. दुपारी 'वनिता मंडळ' लागलं की आई वही-पेन्सिल घेऊन बसायची. म्हणजे स्वयंपाकघरानं रेडिओ कधीचाच आपला मानला होता. पण रेडिओवर स्वयंपाकघर क्वचितच ऐकू यायचं. पाककृती असायची, कढई नसायची.

मीही पहिल्या भागात नेमकी तीच चूक केली. विषय होता कांदाभजी. मी स्टुडिओच्या शांत खोलीत बसलो, छान लिहून काढलेलं वाचलं. पाऊस, खिडकी, गरमागरम, कुरकुरीत, खमंग, तोंडाला पाणी. घरी येऊन स्वतःवर खूश होतो. रात्री फोन वाजला. बाईंचा.

बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. बाईंना आता फार कमी दिसतं, त्यामुळे दिवसभर रेडिओ चालू असतो. बाई म्हणाल्या, "तुझ्या कार्यक्रमात अकरा वेळा 'खमंग' आलं. मी मोजलं. भजी मात्र एकदाही तळली गेली नाहीत. आठवीत तुझ्या निबंधाच्या वहीत मी काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, "विशेषणं कमी करा." "मग?" म्हणाल्या.

थोडं थांबून त्या म्हणाल्या ते मात्र निबंधाच्या पलीकडचं होतं. "मला आता ताट नीट दिसत नाही रे. पण शेजारी भाकरी थापायला घेतली की मला ऐकू येतं. पीठ नीट मळलंय की नाही तेही कळतं. तू मला भजी कशी लागतात ते सांगू नकोस. मला ती ऐकव."

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला लागलो. छप्पन्नाव्या वर्षी.

पहिला धडा असा की घर कधीच शांत नसतं. आपल्याला वाटतं शांत आहे. कानाला हेडफोन लावून रेकॉर्डर चालू केला की कळतं, फ्रीज गुणगुणतोय, पंखा खडखडतोय, वरच्या मजल्यावर मिक्सर चालू आहे, पाण्याची मोटार सुरू झाली आहे. त्यामुळे स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रण करायचं तर आधी फ्रीज बंद करायचा. आणि बंद केलेला फ्रीज तसाच विसरून जायचा धोका असतो, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे: आपल्या घराच्या किल्ल्या त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. किल्ल्या घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि फ्रीज उघडला की आठवतं. मी हे एकदा केलं नाही. त्या घरच्या वहिनींचं दोन लिटर दूध नासलं. मग त्यांनी त्याचं पनीर केलं आणि मला त्याचंही ध्वनिमुद्रण करायला लावलं.

दुसरा धडा, माइक किती जवळ धरायचा. लांबून धरला तर कढई, पंखा, रिक्षा सगळं सारखंच. एक वीतभर अंतरावर आणला की फोडणीतल्या मोहरीचा एकेक दाणा वेगळा ऐकू येतो. त्याहून जवळ नेला तर माइकवर तेल उडतं. आमच्या एका माइकला अजून हिंगाचा वास येतो.

तिसरा धडा म्हणजे शिजणं ही कानाला कळणारी गोष्ट आहे, आणि त्यामागे साधं विज्ञान आहे. वडा तेलात पडला की पिठातल्या पाण्याची क्षणात वाफ होते. त्या वाफेचे बुडबुडे तेलातून वर येऊन फुटतात, ती तडतड. जसजसं पाणी कमी होतं तसतसा आवाज बारीक आणि विरळ होत जातो. म्हणजे कढई बोलायची कमी झाली की वडा होत आला. चहाचं आधण ठेवा. पाणी उकळण्याच्या आधी जास्त आवाज करतं, कारण तळाशी झालेले बुडबुडे वरच्या जरा गार पाण्यात जाऊन मिटतात. खळखळून उकळायला लागलं की तो घरघराट उतरतो. गार पाणी पेल्यात ओतल्याचा आवाज आणि उकळतं पाणी ओतल्याचा आवाजही वेगळा असतो. घरी करून बघा, न बघता ओळखता येतं.

ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झँपिनी या दोघांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला, त्यातला तीव्र भाग वाढवला, की लोकांना तोच चिप अधिक कुरकुरीत आणि ताजा वाटायचा. चिप बदललाच नव्हता. त्यांना २००८ साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, पण प्रयोग गमतीचा नाही. आपण कानानंही खातो. आपल्या आयांना हे माहीत होतं. पापड भाजून झाला की त्या तो ताटात ठेवायच्या आधी बोटानं टिचकी मारून बघायच्या.

मग मी उपनगरं कानानं फिरलो. अंधेरीत सकाळी सायकलवरचा इडलीवाला भोंपू वाजवतो, त्याच्या भोंप्यावरून लोक घड्याळ लावतात. घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसेवाला उलथन्यानं तव्याच्या कडेवर ताल धरतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरायला जातं, त्यामुळे सलग पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मुलुंडच्या एका सोसायटीत सत्तरीतल्या एका आजी अजून पाट्यावर चटणी वाटतात. त्यांची तक्रार एकच, पाट्याला टाकी लावणारा आता फिरकत नाही, पाटा गुळगुळीत झालाय. गोराईला तरीतून पलीकडे गेलो, तिथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. सुकलेला बोंबील हातात घेऊन झटकला की काडीसारखा वाजतो, आणि त्या वाजण्यावरून कोळीण मावशी तो नीट सुकला की नाही ते सांगतात.

एका बेकरीत पहाटे तीनला गेलो. लाकडाच्या भट्टीचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. आत जळणाऱ्या लाकडाचा तडका, लांब दांड्याच्या लाकडी फळीचं भट्टीच्या फरशीवरून घासत जाणं, गरम लादी बाहेर पडल्यावर तिचं बारीक चुरचुरणं. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५मध्ये शहराच्या हवेचा प्रश्न हाती घेऊन लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसकडे किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळवायला सांगितलं. त्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, बरं झालं. माझंही मत तेच आहे, धूर कुणाच्या छातीत जाऊ नये. पण तो आवाज आता संपणार, हेही खरं आहे, आणि कुणीतरी तो ठेवून घ्यायला हवा. एवढंच माझं काम.

हे सगळं मी बाईंना ऐकवत होतो. बाई आता बऱ्या म्हणायला लागल्या होत्या. आठवीतही त्या 'छान' म्हणायच्या नाहीत, 'बरं' म्हणायच्या, आणि ते आपण घरी जाऊन सांगायचो.

अमेरिकेत डेव्हिया नेल्सन आणि निकी सिल्व्हा या दोघी 'द किचन सिस्टर्स' या नावानं रेडिओवर काम करतात. २००४मध्ये त्यांनी 'हिडन किचन्स' ही मालिका सुरू केली. त्यांनी लोकांसाठी एक फोनलाइन उघडली आणि विचारलं, तुमच्या गावातलं कुणाला न दिसणारं स्वयंपाकघर कुठलं? त्यातून त्यांना कळलं की बेघर माणसं आणि भाड्याच्या खोलीत चूल पेटवायची परवानगी नसलेले लोक एका छोट्या विजेच्या ग्रिलवर आपलं जेवण करतात. ज्याला स्वयंपाकघरच नाही त्याचं स्वयंपाकघर. मला हा प्रश्न फार आवडला. मी तोच आपल्या ग्रुपवर टाकला: आपल्या लहानपणीचं, कुणी स्वयंपाकघर न म्हणणारं स्वयंपाकघर कुठलं? रोज 'गुड मॉर्निंग'ची फुलं टाकणाऱ्या ग्रुपवर एका तासात एकतीस उत्तरं आली. सत्तावीस जणांनी लिहिलं होतं, मामांची गाडी.

आपण आठवीत गेलो त्या जूनमध्ये ती गाडी फाटकाबाहेर आली. १९८२. आधी तिथे फक्त बोरं-चिंचा विकणाऱ्या आजी बसायच्या. गाडी का आली, कुठून आली, आपण कधी विचारलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की चाळीस-पन्नास पोरं गाडीवर तुटून पडायची. सगळी एकदम ओरडायची. "मामा, एक सुकी चटणी जास्त." "मामा, दोन, पाव वेगळा." "मामा, नुसता वडा." आणि आठवतं का, मामा कधी चुकायचे नाहीत. कुणालाही दोनदा विचारायचे नाहीत. आपण म्हणायचो, मामांचं डोकं कॉम्प्युटर आहे. त्या वेळी कॉम्प्युटर आपण पाहिलेलाही नव्हता.

गाडी अजून आहे. आता मामांचा मुलगा आणि सून चालवतात. मामा ऐंशीच्या घरात आहेत, पण सकाळचे पहिले दोन घाणे स्वतः तळतात. मी रेकॉर्डर घेऊन गेलो. त्यांच्या कामात अडथळा नको म्हणून मागे उभा राहिलो, माइक कढईजवळ धरला आणि विचारलं, "मामा, किती वर्षं झाली?" उत्तर नाही. "मामा, तेल तापलंय हे कसं ओळखता?" उत्तर नाही. मला वाटलं, आवडलं नसावं त्यांना. माइक काढून घेणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "दादा, समोर या. त्यांना पाठीमागून काही ऐकू येत नाही. तोंड दिसलं की सगळं कळतं."

मी समोर गेलो. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

मामा मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. दुष्काळी भाग. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत आली, तसे तेही आले. साचेखात्यात होते. शेकडो साचे एकाच वेळी चालू, धोटे इकडून तिकडे आपटताहेत, शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. तिथे सगळे ओठांवरून बोलायचे. पुढे मी वाचलं की इंग्लंडमध्ये लँकेशरच्या कापड गिरण्यांतही हेच होतं, ओठ मोठे हलवून बोलायच्या त्यांच्या पद्धतीला 'मी-मॉइंग' असं नावही होतं. आणि मामा म्हणाले, "बोलणं ऐकू यायचं नाय, पण साचा ऐकू यायचा. आपल्या चार साच्यांतला एक जरी वेगळा वाजला, की तार तुटली. बघायला लागायचं नाय."

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पाच महिन्यांत घरातलं होतं नव्हतं ते संपलं. लालबागची खोली भावाला दिली, मेहुण्याच्या ओळखीनं बोरिवलीत आले आणि जूनमध्ये एका शाळेबाहेर गाडी लावली. आपल्या. वयाच्या पस्तीस-छत्तीसाव्या वर्षी. कानांची निम्मी ताकद तोपर्यंत साच्यांनी खाल्ली होती.

म्हणजे मधल्या सुट्टीत पन्नास पोरं ओरडत होती तेव्हा मामांना आपला कुणाचाच आवाज धड ऐकू येत नव्हता. ते आपले ओठ वाचत होते. साचेखात्यातलं ते कसब होतं. आपण त्याला कॉम्प्युटर म्हणत होतो.

मी विचारलं, "मग वडा झाला हे कसं कळायचं?" मामा म्हणाले, "तेवढं ऐकू यायचं ना. कढईजवळ कान असायचा. साचा ऐकला तसाच घाणा ऐकायचा. कानानं तळायचो मी. आता धा-बारा वर्षं झाली, तेबी गेलं. आता डोळ्यानं तळतो. बुडबुडा बघतो." आणि झाऱ्यानं एक वडा उलटवून म्हणाले, "डोळ्याला फसवता येतं. कानाला नाय."

माझ्या गळ्यात हेडफोन होते. मी हातानं खूण करून विचारलं, लावू का? त्यांनी मान हलवली. नुकताच मुद्रित केलेला घाणा मी सुरुवातीपासून लावला आणि आवाज हळूहळू वाढवत नेला. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला: बस. गाडीला टेकून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. गिऱ्हाईकं थांबली होती, सूनबाईंनी कुणाला काही बोलू दिलं नाही. दीड-दोन मिनिटं गेली असतील. मी दुसऱ्या कानाच्या तुकड्यावर तेच ऐकत होतो. तडतड बारीक होत गेली. आणि मामा डोळे न उघडता म्हणाले, "झालं. काढ."

त्यांचं बोलणं पुरं होतं न होतं तोच ध्वनिमुद्रणात झारा कढईच्या कडेला वाजला.

मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही, आणि आता भाषणातही त्यावर काही बोलत नाही. बाई विशेषणं मोजायला बसल्या आहेत. तेवढा भाग ऐकवतो.

(इथे घाण्याचं ध्वनिमुद्रण, मामांचे शब्द आणि त्यानंतर झाऱ्याचा आवाज ऐकवला.)

एक कबुली राहिली. ती मी त्याच दिवशी मामांना दिली, आता तुमच्यासमोर देतो. नववीत एकदा माझ्याकडे पैसे नव्हते. गर्दीत मामांच्या पाठीमागून हात घालून मी वडापाव उचलला आणि म्हटलं, "मामा, उद्या देतो." ते काही बोलले नाहीत. मी ते संमती म्हणून धरलं. उद्या आणलेच नाहीत. मामांनी कधी मागितले नाहीत, त्यामुळे मी मनात म्हणायचो, मामा फार दिलदार माणूस. आता कळलं की त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. मी माफी नाही मागितली, चोरी केली होती. मी समोर उभा राहून, ओठ नीट हलवून, हे सगळं त्यांना सांगितलं.

मामा हसले. म्हणाले, "पंधराचा घाणा मोजून सोडतो मी. एक कमी पडला की कळत होतं. महिन्याला पंधरा-वीस जायाचे. त्यातला एक तुझा व्हय?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "मग दे." मी खिशातून आठ आण्यांचा हिशेब करायला लागलो, तर म्हणाले, "आजच्या भावानं."

मी दिले. त्यांनी मोजून गल्ल्यात टाकले.

त्या दिवशी घरी येऊन ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना माझ्या लक्षात आलं, आपण शाळेत असताना तीन वर्षं रोज त्या माणसाच्या हातचं खाल्लं आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. फडके सर, जोशी बाई असं म्हणता येईल अशी आपल्याला शाळेतल्या प्रत्येकाची नावं ठाऊक होती. शिपायाचंही होतं. फाटकाबाहेरच्या माणसाचं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि फक्त तेवढंच विचारायला गेलो.

(इथे मामांच्या आवाजात त्यांचं नाव आणि गावाचं नाव ऐकवलं. ते छापू नये असं त्यांनी सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं असं: "ऐकतील ते आपले. कागद कुठं जाईल सांगता येत नाय." गाडीवर पोट असणाऱ्या माणसाचा कागदांचा अनुभव आपल्याहून वेगळा असतो.)

लोक मला विचारतात, खाण्यावर रेडिओ कार्यक्रम करायचा तर काय लागतं? महागडं यंत्र लागत नाही. एक रेकॉर्डर लागतो, नाहीतर मोबाइलही चालतो, फक्त त्यातली गोंगाट पुसणारी सोय बंद करा. ती बिचारी फोडणीलाच गोंगाट समजते आणि पुसून टाकते. एक वीत अंतर लागतं. आपण गप्प बसायची तयारी लागते, ती मला सर्वांत उशिरा आली. आणि माणसाच्या मागे नाही, समोर उभं राहावं लागतं. पदार्थाचा आवाज मागून मिळतो. ज्यानं तो केला त्याची गोष्ट समोरूनच मिळते.

तुम्हाला एक गृहपाठ देतो. बाई, तुमची परवानगी आहे असं धरतो. या रविवारी तुमच्या घरातलं एक मिनिट मुद्रित करा. कुणी बोलू नका. कणीक मळणं, ताक घुसळणं, विळीवर कोबी, कुकरची शिट्टी, सासूबाईंचा खलबत्ता, अमेरिकेत असाल तर तुमच्या तिथल्या तव्यावरची पोळी. घरातलं जे मोठं माणूस अजून हातानं काही करतंय त्याचं आधी करा. मला पाठवा. मी ते क्रमानं लावून अर्ध्या तासाचा एक भाग करीन, आणि पहिल्यांदा तो बाईंना ऐकवीन. त्यांनी 'बरं' म्हटलं तरच प्रसारित होईल.

आता शेवटचं. आजच्या जेवणाचा मेनू तुमच्या पत्रिकेत छापलेला आहे, पण संयोजकांनी आणि मी मिळून त्यात एक गोष्ट न सांगता वाढवली आहे. खाली पटांगणात, पिंपळाच्या पारापाशी, गाडी लागलेली आहे. मामा आलेले आहेत. पहिले दोन घाणे ते स्वतः तळणार आहेत.

वडे फुकट नाहीत, हे नीट ऐका. संयोजकांनी पैसे देऊ केले होते, मामा म्हणाले, पोरं देतील. तेव्हा आजच्या भावानं द्यायचे आहेत. आणि चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ज्यांनी पाठीमागून 'उद्या देतो' म्हटलं होतं, त्यांच्यासाठी आज तो उद्या आहे. महिन्याला पंधरा-वीस, म्हणजे मी एकटा नव्हतो. मला काही चेहरे इथून दिसताहेत.

फक्त एक करा. रांगेत ढकलाढकली करा, ती केल्याशिवाय चव येणार नाही. पण मामांशी बोलताना समोर उभे राहा, आणि ओठ नीट हलवा.

शिपाईकाकांना विनंती आहे, घंटा द्या. मधली सुट्टी झाली.